शारीरिक शिक्षकांचे शिक्षक

शाळेतील कवायत अनेकदा निवृत्त शिपायावर सोपविली जात असे, त्या काळात व्यायाम शिकविणे हा प्रशिक्षित शिक्षकाचा पेशा आहे, हा आग्रह स्वामी कुवलयानंद यांनी धरला.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी देशी व्यायामाचे, तर माधवदासजी महाराजांकडे योगाचे शिक्षण घेतले. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून त्यांनी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचे काम चालविले.

१९३७ मध्ये मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पाठोपाठ १९३८ मध्ये कांदिवलीत शारीरिक शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. कशेडी घाटाच्या अलीकडचा कुलाबा आणि पलीकडचा रत्नागिरी, हे दोन्ही जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतातच होते. अशा दुर्गम भागांतील शाळांनाही प्रशिक्षित शिक्षक मिळण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. पुढे योगशिक्षकांसाठी लोणावळ्यातही महाविद्यालय निघाले.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. मैदानावरच्या कामाला पदविकेचा आणि पर्यायाने उपजीविकेचा आधार मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.