लिओनार्ड ऑयलर आणि षटकोनाचे १४ प्रकार

आधी वहीत एक पंचकोन काढा. एकमेकांना न छेदणारे कर्ण काढून त्याचे त्रिकोण पाडायचे आहेत. किती तऱ्हांनी जमतं? ५. चौकोनाला दोनच. आता षटकोन घ्या. वर्गात दिला की बरीच मुलं बारा-तेरावर थांबतात!

याच मोजणीत १७५१ साली बर्लिनमध्ये लिओनार्ड ऑयलर गुंतले होते. तेव्हा त्यांचा उजवा डोळा जवळजवळ निकामी झाला होता.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक, मुलानेही तेच व्हावे ही त्यांची इच्छा. पण योहान बर्नुली दर शनिवारी या मुलाच्या शंका सोडवत आणि गणिताची गोडी लागली ती लागलीच. १७२७ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला गेले, १७४१ मध्ये बर्लिनला.

तिथून त्यांनी गोल्डबाख या मित्राला पत्रात ही मोजणी कळवली: १, २, ५, १४, ४२... सूत्रही दिलं, पण सिद्धता काही सापडेना. मग त्यांनी हा प्रश्न सेग्नर यांना सांगितला. सेग्नर यांची युक्ती बघा. षटकोनाची एक बाजू पक्की धरा. ती कुठल्यातरी एकाच त्रिकोणात असणार. त्या त्रिकोणाचा तिसरा कोपरा उरलेल्या चारांपैकी एक. शेजारचा कोपरा घेतला तर पंचकोन उरतो, म्हणजे ५ प्रकार. मधला घेतला तर एका बाजूला त्रिकोण, दुसऱ्या बाजूला चौकोन, म्हणजे १ × २ = २. बेरीज करा: ५ + २ + २ + ५ = १४. सगळी चित्रं काढायची गरजच नाही, लहान आकृत्यांची उत्तरं मोठीचं उत्तर देतात. सप्तकोनाचे ४२ तुम्ही असेच काढून बघा.

१७६६ मध्ये ऑयलर रशियात परतले आणि दुसरा डोळाही गेला. १७७१ च्या आगीत घर जळालं. एका माणसाने त्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं, म्हणून वाचले. तरी काम थांबलं नाही. ते मनात आकडेमोड करत, मुलं आणि सहायक लिहून घेत. १८ सप्टेंबर १७८३ रोजी, नव्याने सापडलेल्या युरेनसच्या कक्षेविषयी बोलणं झाल्यावर थोड्याच वेळाने त्यांना झटका आला आणि त्याच दिवशी ते गेले.