शिशाची बॅटरी करणारे गॅस्टन प्लान्टे

आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला वर सहा बुचे आहेत. मी मोजली. एका बुचाखाली एक घर, एका घराची वीज २ व्होल्ट, सहा घरांची मिळून १२. आत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी घातलेले गंधकाचे आम्ल असते. हात लावायचा नाही, कातडी जळते. अशी शिशाची बॅटरी ज्यांनी पहिल्यांदा केली ते गॅस्टन प्लान्टे.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्स देशात ऑर्थेझ या गावी झाला. पुढे ते पॅरिसला गेले आणि १८५४ साली बेकेरेल या शास्त्रज्ञांचे मदतनीस झाले. दुसऱ्याच वर्षी त्यांना पॅरिसजवळ जमिनीत एका भल्यामोठ्या पक्ष्याचे हाड सापडले. तो पक्षी माणसाएवढा उंच होता पण त्याला उडता येत नव्हते. त्याचे नाव गॅस्टनवरून गॅस्टोर्निस ठेवले. हे वाचून मला लई मजा वाटली.

त्या काळी वीज जस्ताच्या घटातून मिळायची. जस्त झिजून गेले की घट संपला. प्लान्टे यांनी वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या आम्लात बुडवून वीज सोडली. मग कोणता धातू ती वीज परत देतो ते पाहिले. शिसे सगळ्यांत चांगले निघाले. १८५९ साली त्यांनी शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये कापड घातले, चटईसारखी गुंडाळी केली आणि आम्लाच्या बरणीत उभी केली. झाला घट! पण नवा घट थोडीच वीज धरायचा. तो भरायचा, रिकामा करायचा, मग उलट्या बाजूने भरायचा, असे महिनोन्‌महिने करावे लागे. एवढा दम कुणाला असतो?

खरी अडचण पुढेच होती. घट भरायचा कशाने? तेव्हा चार्जर नव्हता, घरात वीजही नव्हती. ते बन्सेनच्या जस्ताच्या घटांनी भरत. त्यांतून तपकिरी, घाण वासाचा धूर निघे. शिवाय भरणारी वीज भरायच्या घटापेक्षा जास्त जोराची लागते. पाणी वरून खाली येते तसेच ते. एका शिशाच्या घटाला बन्सेनचे दोन घट पुरत. पण वीस घट एकापुढे एक जोडले तर ४० व्होल्टच्या वर जोर पाहिजे. तेवढे बन्सेन आणायचे कुठून?

प्लान्टे यांनी जोडणीच बदलली. भरताना सगळ्या घटांची एक टोके एका तारेला आणि दुसरी टोके दुसऱ्या तारेला. आपण एका पाटाचे पाणी सगळ्या वाफ्यांना सोडतो ना, अगदी तसं. मग दोन बन्सेनवर वीसही घट भरत, फक्त वेळ जास्त लागे. भरून झाले की तांब्याच्या पट्ट्यांचा एक दांडा फिरवायचा. लगेच सगळे घट एकापुढे एक जोडले जात आणि ४० व्होल्ट मिळत. पुढे त्यांनी असे ८०० घट केले. त्यांच्या ठिणग्यांवरून ते आकाशातल्या विजेचा अभ्यास करीत. मला ही जोडणी त्या पक्ष्यापेक्षाही आवडली.

१८७१ मध्ये ग्राम यांनी डायनामो दाखवला. (आपल्या ग्रामपंचायतीतला ग्राम नव्हे, ते त्यांचे आडनाव!) प्लान्टे यांनी हाताने फिरवायच्या डायनामोने घट भरून पाहिले. हात काढला तरी यंत्र फिरतच राहिले, कारण घटातली वीज उलटी यंत्रात येत होती. म्हणजे भरलेली वीज फुकट जायची. आता चार्जरमध्ये डायोड घालतात, तो वीज परत जाऊ देत नाही.

१८८१ साली फोर यांनी शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला, तेव्हा महिन्यांचे काम लवकर होऊ लागले. त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर त्रुव्हे यांची बॅटरीवरची तीनचाकी सायकल धावली. प्लान्टे तेव्हा होते. २१ मे १८८९ रोजी ते वारले. तेव्हा त्यांचे वय ५५ होते.

इयत्ता ४ थी