सरखेलांचा समुद्र
कान्होजी आंग्रे यांच्या पुण्यतिथीनिमित्त

मंठा, ता. ३ : मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांची उद्या, ४ जुलै रोजी पुण्यतिथी. १७२९ मध्ये अलिबाग येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव मुंबईतील नौदलाच्या तळाला आहे, खांदेरीच्या बेटाला आणि तेथील दीपगृहाला आहे. पण याच नावाचा आणखी एक प्रदेश फारसा कोणाला ठाऊक नाही. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, अरबी समुद्राच्या पोटात, प्रवाळांनी मढलेले एक विस्तीर्ण पठार आहे. नकाशांवर त्याची नोंद 'आंग्रिया बँक' अशी आहे. हे पठार संरक्षित क्षेत्र व्हावे, असा प्रस्ताव राज्याने मान्य केला आहे. या निमित्ताने सरखेलांचे चरित्र पुन्हा वाचले, तर त्यात आजच्या प्रश्नाचीही काही उत्तरे सापडतात.

मराठवाड्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. मंठ्याहून कोकण किनारा सरळ रेषेतही साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि येथील पाणी पूर्णा-दुधनेवाटे गोदावरीला मिळून पश्चिमेच्या नव्हे, तर पूर्वेच्या समुद्राला जाते. तरीही गोदावरीच्या मुखाशी आंध्र प्रदेशात कोरिंगा अभयारण्याचे खारफुटीचे जंगल उभे आहे आणि वरून येणारे पाणी व गाळ यांवरच ते जगते. समुद्राचा संबंध केवळ किनाऱ्याशी असतो, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

सुवर्णदुर्गावरचा तरुण

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ; आंगरवाडी या गावावरून पुढे आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी यांनी शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरी केली होती. हर्णेजवळच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात कान्होजींचे बालपण गेले. भरती-ओहोटीचे वेळापत्रक, वाऱ्याच्या दिशा, पाण्याखालचे खडक आणि खाड्यांची मुखे या गोष्टी त्यांना वयाबरोबर कळत गेल्या.

संभाजी महाराजांच्या वधानंतर, १६८९ पासून, स्वराज्यावर मोठे संकट कोसळले. राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले. कोकणात मोगलांच्या आधाराने जंजिऱ्याच्या सिद्दीने मराठ्यांची ठाणी घेण्याचा सपाटा लावला. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला फितूर होऊ लागला, तेव्हा तरुण कान्होजींनी त्याला कैद करून किल्ल्याची सूत्रे हाती घेतली आणि गड राखला, असे परंपरा सांगते. एवढे खरे, की या धामधुमीच्या काळातच त्यांचे कर्तृत्व पुढे आले. सिधोजी गुजर यांच्या पश्चात, १६९८ च्या सुमारास, आरमाराचे आधिपत्य कान्होजींकडे आले आणि सरखेल हा किताब त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

दस्तकाचे राज्य

कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही त्यांची मुख्य ठाणी. त्यांच्या आरमारात गुराब आणि गलबते होती. इंग्रजांच्या जहाजांच्या मानाने ती लहान. पण उथळ पाण्यात सहज फिरणारी आणि प्रसंगी खाडीत आत शिरून दिसेनाशी होणारी. मोठ्या जहाजांना किनाऱ्यालगत येण्याची धास्ती असे. समोरासमोरची लढाई टाळून वारा पडल्यावर शत्रूला गाठायचे, हे कान्होजींचे तंत्र होते. विजयदुर्गामागे वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे आंग्र्यांची गोदी होती. कातळात खोदलेल्या या गोदीचे अवशेष आजही पाहावयास मिळतात.

या आरमारावर कोळी, भंडारी, खारवी अशा किनाऱ्यावरच्या समाजांतील माणसे होती. समुद्र हे त्यांचे शेत होते. त्या शेताची राखण करणाऱ्या सत्तेशी त्यांचे हित जोडले गेले, हे कान्होजींच्या यशाचे एक महत्त्वाचे कारण मानावे लागते.

या किनाऱ्यावर जहाज न्यायचे, तर सरखेलांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. दस्तक नसलेले जहाज आंग्र्यांची गलबते धरून आणीत. ही कल्पना नवी नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रात असेच परवाने देत होते. युरोपीय व्यापाऱ्यांनी ते केले म्हणजे कायदा आणि कान्होजींनी केले म्हणजे चाचेगिरी, अशी विभागणी इंग्रजांच्या कागदपत्रांत दिसते. प्रत्यक्षात कान्होजी छत्रपतींचे अधिकारी होते आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यावर किनाऱ्यावरच्या राज्याचा अधिकार असतो, हे तत्त्व ते अमलात आणत होते. आजच्या सागरी कायद्याचा पाया याहून वेगळा नाही. १९७६ च्या कायद्याने भारताने १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा आपला प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, हे आपले अनन्य आर्थिक क्षेत्र मानले आहे.

तीन सत्तांशी झुंज

१७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराजांची सुटका झाली आणि गादीचा वाद पेटला. कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होते. शाहूंनी पाठविलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैद केले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी मध्यस्थी करून कान्होजींना शाहूंच्या बाजूस वळविले. या समेटानुसार दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे राहिली आणि सरखेलपद कायम झाले. हा समेट मराठी राज्याच्या इतिहासातील एक निर्णायक टप्पा ठरला.

इंग्रजांशी मात्र समेट टिकला नाही. १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नराची नौका कान्होजींच्या हाती पडली, तेव्हापासून वैर उघड झाले. पुढे गव्हर्नर चार्ल्स बून याने आंग्र्यांचा बंदोबस्त करण्याचा चंग बांधला. १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर इंग्रजांनी हल्ले केले, दोन्ही फसले. १७२० मध्ये तरंगता तोफखाना घेऊन ते पुन्हा विजयदुर्गावर आले आणि हात हलवत परतले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून सुमारे सहा हजारांच्या फौजेनिशी कुलाब्यावर चाल केली. शाहूंच्या आज्ञेने बाजीराव मदतीला धावले आणि ही मोहीमही बारगळली. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर नशीब आजमावले. त्यांनाही माघार घ्यावी लागली. जगातील तीन प्रबळ आरमारी सत्तांना या एका माणसाने आयुष्यभर किनाऱ्यापासून दूर ठेवले.

मागे उरलेले नाव

कान्होजींच्या पश्चात थोरले पुत्र सेखोजी सरखेल झाले; पण १७३३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भावाभावांत वाटणी झाली. कुलाब्यावर मानाजी, सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे संभाजी आणि त्यांच्यानंतर तुळाजी अशी दोन केंद्रे झाली. तुळाजींचे पेशव्यांशी बिनसले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या साथीने विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. जे पाणी चाळीस वर्षे कोणाला जिंकता आले नव्हते, ते घरच्या फुटीमुळे गेले.

नाव मात्र उरले. ज्या इंग्रजांनी आंग्र्यांना चाचा ठरविले, त्यांच्याच भाषेतील 'आंग्रिया' हा अपभ्रंश समुद्रतळाच्या या पठाराला चिकटला. उत्तर-दक्षिण सुमारे ४० किलोमीटर आणि रुंदीला सुमारे १५ किलोमीटर असे हे पठार भोवतालच्या खोल पाण्यातून उंचावलेले आहे. सर्वांत उथळ ठिकाणी पाणी सुमारे २० मीटर खोल आहे. किनाऱ्यापासून दूर असल्याने नद्यांचा गाळ येथे पोचत नाही. पाणी स्वच्छ, त्यामुळे सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो आणि प्रकाशावर अवलंबून असणारे प्रवाळ वाढतात. प्रवाळांच्या कपारींत माशांची पिल्ले आसरा घेतात आणि त्यांच्यामागून मोठे मासे येतात.

अशा जागा राखल्याने होणारा लाभ त्यांच्या सीमेत अडकून राहत नाही. मासेमारी थांबली, की मासे पूर्ण वाढीला पोचतात. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक अंडी घालते. अळ्या आणि पिल्ले प्रवाहाबरोबर बाहेर पसरतात आणि शेजारच्या पाण्यातील जाळी भरतात. मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे १९९५ मध्ये सागरी उद्यान झाले. गावकऱ्यांनीच तेथे मासेमारी बंद केली आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तेथील माशांचे एकूण वजन साडेचारशे टक्क्यांहून अधिक वाढल्याचे संशोधकांनी नोंदविले. सागराचे तापमान वाढल्याने प्रवाळ पांढरे पडतात, हे संकट कुंपण घालून थांबत नाही. पण जाळी, नांगर आणि सांडपाणी यांचा मार नसलेल्या प्रवाळांना सावरण्याची अधिक संधी मिळते.

मालवणचा धडा

महाराष्ट्राला याचा अनुभव नवा नाही. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग आणि शेजारचा पद्मगड याच पाण्यात उभे आहेत. तथापि, ज्यांची उपजीविका या पाण्यावर चालते, त्या मच्छीमारांना विश्वासात न घेता घोषणा झाल्याची भावना मालवणात प्रबळ राहिली. आपली रापण बंद होईल या भीतीने वर्षानुवर्षे विरोध झाला आणि अभयारण्य बराच काळ कागदावरच राहिले.

वस्तुतः हाच पारंपरिक मच्छीमार यांत्रिक जाळ्यांविरुद्ध समुद्राच्या बाजूने लढत आला आहे. पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घालणारा राज्याचा ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश याच दीर्घ संघर्षानंतर निघाला. प्रखर दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. आदेश निघाले तरी मोठ्या समुद्रावर गस्त घालणारी नौका हवी, ही तक्रार किनाऱ्यावर कायम ऐकू येते. सरखेलांच्या दस्तकाला किंमत होती, ती त्यामागे गलबत उभे होते म्हणून.

आंग्रिया बँकेचा प्रश्न आणखी अवघड आहे. ती १२ मैलांच्या पलीकडे असल्याने राज्याचे अभयारण्याचे नेहमीचे अधिकार तेथे पोचत नाहीत. म्हणून १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली तिला विशेष क्षेत्र घोषित करावे, या प्रस्तावास राज्य वन्यजीव मंडळाने २०२० मध्ये मान्यता दिली. अंतिम अधिकार केंद्राचा. वन विभाग, मत्स्यव्यवसाय विभाग, तटरक्षक दल आणि केंद्रीय मंत्रालये यांनी एकत्र आल्याखेरीज तेथील संरक्षण प्रत्यक्षात उतरणार नाही. २०३० पर्यंत जगातील ३० टक्के समुद्राचे संरक्षण करण्याचे उद्दिष्ट २०२२ च्या मॉन्ट्रियल परिषदेत ठरले. भारतही त्या कराराचा सदस्य आहे.

कान्होजींनी प्रवाळ राखण्यासाठी समुद्रावर पहारा ठेवला, असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. त्यांचा हेतू राज्याचा आणि जकातीचा होता. परंतु त्यांच्या चरित्रातून तीन गोष्टी निश्चित दिसतात. किनाऱ्यावरची माणसे बरोबर असतील, तरच समुद्र राखता येतो. परवान्यामागे पहारा नसेल, तर परवाना म्हणजे नुसता कागद. आणि घर दुभंगले, की पाणी जाते.

जुलै २०२५ मध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. सरखेलांच्या तटबंदीला जगाचे संरक्षण लाभले. त्यांचे नाव धारण करणारे पाण्याखालचे पठारही त्याच जाणिवेने राखले गेले, तर अलिबागच्या समाधीवर वाहिलेल्या फुलांना खरा अर्थ येईल.