वतनी चाकरांचे कैवारी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

ज्यांच्या चाकरीला काळवेळ नव्हता, त्या वतनी बांधवांच्या कैवाऱ्याचे आम्ही येथे कृतज्ञतेने स्मरण करीत आहोत.

१८९१ साली महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांना नोकरीतील अन्यायाचा दाह प्रथम स्वतः सोसावा लागला. परदेशी विद्या संपादून १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या सेवेत शिरले, तेव्हा हाताखालचे शिपाईही विटाळाच्या भयाने कागद दुरूनच फेकीत.

गावोगावचा महार तर रात्रंदिवस सरकारकामी राबे. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतन जमीन व बलुते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून त्यांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. परंतु ते मागे घ्यावे लागले. पुढे सरकारने त्याच जमिनींवरील जुडी वाढविली, तेव्हा १६ डिसेंबर १९३९ रोजी आमच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात हरेगावी भरलेल्या वतनदार परिषदेत त्यांनी तिचा निषेध केला. चाकरी घ्यावी आणि मोबदलाही कापावा, हा कोठला न्याय?

त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या राज्यघटनेच्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत सर्वांस समान संधी दिली. हलकी वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तो पाहावयास ते उरले नव्हते. बढतीत डावलल्या गेलेल्या बांधवाने निराश न होता या कलमाचा आधार घ्यावा, हीच त्यांना आमची आदरांजली.