छोट्या गाडीला मोठे बळ

बर्लिन ते रोम ही मोटारशर्यत सप्टेंबर १९३९ मध्ये व्हायची होती. तीत उतरवायच्या गाडीसाठी फर्डिनांड पोर्शे यांच्या स्टुटगार्टच्या कचेरीत दोन इंजिनांचा विचार झाला. एक होते दहा सिलिंडरचे, दीड लिटरचे, केवळ कागदावर असलेले. दुसरे फोक्सवॅगनच्या स्वस्त लोकमोटारीचे होते. चार सिलिंडर, ९८५ घन सेंटिमीटर, हवेने थंड होणारे आणि जेमतेम २४ अश्वशक्तीचे. दहा सिलिंडरच्या योजनेला पैशाचे पाठबळ मिळाले नाही आणि निवड दुसऱ्याची झाली.

मोठ्या इंजिनांचे आकर्षण पोर्शे यांना नवे नव्हते. ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियात एका पत्राकाम करणाऱ्याच्या घरी ते जन्मले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची चाकांतच विद्युतमोटर बसवलेली गाडी झळकली. पुढे ऑस्ट्रो-डाइमलर आणि डाइमलर या कंपन्यांत त्यांनी नाव कमावले. बलाढ्य मर्सिडीज घडवल्या, वरिष्ठांशी भांडणे केली आणि नोकऱ्या सोडल्या. १९३४ मध्ये धावलेली ऑटो युनियनची सोळा सिलिंडरची शर्यतीची गाडी त्यांच्याच कचेरीतली. त्याच वर्षी त्यांनी लोकमोटारीचा करारही केला.

या मोटारीसाठी त्यांच्या कचेरीने दोन सिलिंडरची इंजिनेही करून पाहिली. अखेर फ्रान्झ झेव्हर राइमश्पीस या सहकाऱ्याचे चार सिलिंडरचे इंजिन पसंत पडले. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटर लागत नाही. थंडीत पाणी गोठत नाही आणि उन्हात उकळतही नाही. परभणीच्या मे महिन्यात रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभी असलेली जीप ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या गुणाचे मोल सांगायला नको. मात्र त्याला मर्यादाही आहे. ताकद वाढली की उष्णता वाढते आणि ती वाहून नेण्यास पंखा व तेल यांखेरीज कोणी नसते. शिवाय इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. तिथे जड यंत्र टांगले तर वळणावर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. म्हणून बाहेरचे अवजड इंजिन आणून बसवण्यापेक्षा आहे तेच वाढवणे शहाणपणाचे होते.

शर्यतीच्या गाडीसाठी तेच केले गेले. अॅल्युमिनियमची निमुळती काया आणि सुधारलेले इंजिन अशा तीन गाड्या तयार झाल्या. महायुद्ध सुरू झाले आणि शर्यत झालीच नाही. युद्धकाळात याच यंत्रावर जर्मन सैन्याची क्यूबेलव्हागेन धावली. सैन्याला अधिक ताकद हवी होती, तेव्हा १९४३ मध्ये सिलिंडरचा व्यास ७० वरून ७५ मिलिमीटर झाला. इंजिन ११३१ घन सेंटिमीटरचे आणि २५ अश्वशक्तीचे झाले.

या वाढीची काळी बाजू झाकता येत नाही. फोक्सवॅगनच्या कारखान्यात हजारो वेठबिगार राबवले गेले. पोर्शे त्या कारखान्याच्या कारभारात होते, नाझी पक्षाचे सदस्य होते आणि हिटलरशी त्यांची थेट उठबस होती. राजकारणाशी आपला संबंध नाही, ही अभियंत्याची सोयीची भूमिका त्यांच्या बाबतीत टिकत नाही. डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्यांना अटक केली. खटला न चालताच ते जवळजवळ दोन वर्षे कोठडीत राहिले आणि ऑगस्ट १९४७ मध्ये खालावलेल्या प्रकृतीने बाहेर आले.

मधल्या काळात ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी त्यांचा मुलगा फेरी याने कचेरीचे काम चालू ठेवले होते. वडिलांच्या सुटकेनंतर तिथे एका छोट्या स्पोर्ट्स कारने आकार घेतला. बाजारातून मोठे इंजिन आणण्याची ऐपत नव्हती आणि इच्छाही दिसत नाही. फोक्सवॅगनचेच ११३१ घन सेंटिमीटरचे इंजिन घेऊन त्याचा दाब वाढवला, दोन कार्ब्युरेटर दिले. २५ च्या जागी ३५ अश्वशक्ती मिळाली. सहाशे किलोंच्या आतल्या गाडीला ती पुरेशी होती. ८ जून १९४८ रोजी तिला रस्त्यावर चालवण्याचा परवाना मिळाला. हीच पोर्शे ३५६ ची पहिली गाडी.

पुढे ११०० घन सेंटिमीटरच्या वर्गात बसावे म्हणून याच इंजिनाचा व्यास दीड मिलिमीटरने कमी केला गेला. आकार १०८६ वर आला, ताकद मात्र वाढलीच.

नोव्हेंबर १९५० मध्ये पोर्शे वोल्फ्सबुर्गला कारखाना पाहून आले. त्यानंतर पक्षाघाताने त्यांना गाठले आणि ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्टमध्ये त्यांचे निधन झाले. पाच महिन्यांनी, जूनमध्ये, १०८६ घन सेंटिमीटरचे इंजिन असलेली ३५६ फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात पहिली आली.