गादीवर न बसता बडोद्याचा राजा निवडणाऱ्या जमनाबाई

वडोदरा : मांडवीपासून वासण्यापर्यंत पसरलेल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांचं नाव आजही आदराने घेतलं जातं. पण त्यांना गादीवर आणणाऱ्या महाराणी जमनाबाईंची आठवण मात्र फारशी निघत नाही.

नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव महाराज वारले. जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला तर तोच वारस, या अटीवर खंडेरावांचे धाकटे भाऊ मल्हारराव यांच्या हाती कारभार आला. खंडेरावांविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून हेच मल्हारराव काही वर्षं पादऱ्याला कैदेत होते. जिवाला धोका वाटून बाईंनी रेसिडेन्सीचा आसरा घेतला. १८७१ मध्ये मुलगी झाली, ताराबाई. गादी मल्हाररावांची झाली आणि लेकीला घेऊन बाई पुण्याला गेल्या.

हाती ना फौज, ना खजिना. तरी दत्तकाचा हक्क त्यांनी सोडला नाही.

१८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोगाचं प्रकरण घडलं. चौकशी आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य. जयाजीराव शिंदे व सर दिनकरराव यांच्यासह हिंदी सदस्यांनी दोष सिद्ध मानला नाही, आयोग दुभंगला. तरीही गैरकारभाराचं कारण देऊन इंग्रजांनी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं आणि जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी दिली.

पुण्याहून परतलेल्या बाई तेव्हा अवघ्या विशीतल्या होत्या. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी गायकवाड घराण्यातली मुलं बडोद्यात आणली गेली. त्यातला बारा वर्षांचा गोपाळराव बाईंनी निवडला. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधी झाला आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

दिवाण म्हणून तंजावरी मराठी घराण्यातले सर टी. माधवराव आले. कारभार त्यांच्याकडे आणि गादीला हवी असलेली घराण्याची मान्यता जमनाबाईंची. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. ताराबाई पुढे सावंतवाडीच्या राजघराण्यात सून म्हणून गेल्या.

१८९८ मध्ये जमनाबाई गेल्या. गोपाळ बडोद्याला आला तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. त्याच राजाने १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बाईंच्या हयातीनंतरचं हे काम, पण त्याची सुरुवात त्यांच्याच निवडीत होती. शहरातल्या जमनाबाई रुग्णालयावर त्यांचं नाव आजही आहे.