विश्लेषण : सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा मृत्यू कशामुळे झाला? सिनेमातला प्लेग आणि प्रत्यक्षातली युद्धआघाडी

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव अनेकांना माहीत आहे ते व्ही. शांताराम यांच्या १९४६ मधील ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटामुळे. त्यात प्लेगच्या साथीवर उपाय शोधणारे आणि त्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावणारे डॉक्टर दिसतात. प्रत्यक्षात त्यांचे मुख्य काम होते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करण्याचे, आणि त्यांचा मृत्यू झाला तो अपस्माराने म्हणजेच फिट्सच्या आजाराने. वय होते अवघे ३२.

कोटणीस चीनला का गेले?

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले आणि पुढील शिक्षणाची तयारी करत होते. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केले. वर्गणीतून सुमारे २२ हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. चीनमध्ये असतानाच त्यांना वडील गेल्याची बातमी मिळाली. तरीही ते परतले नाहीत.

आघाडीवर शस्त्रक्रिया कशी व्हायची?

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागातील आघाडीजवळ गेले. याच भागात कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. जखमीची वाट पाहत बसायचे नाही, डॉक्टरनेच जखमीजवळ जायचे, ही त्यांची पद्धत होती.

यामागे साधे वैद्यकीय कारण होते. उघड्या जखमेत जितका वेळ जाईल तितके जंतू वाढतात. पेनिसिलिन तेव्हा रुग्णांपर्यंत पोहोचलेले नव्हते. त्यामुळे लवकर जखम स्वच्छ करणे आणि मेलेला भाग कापून काढणे हाच खरा उपचार होता. धोका डॉक्टरलाही तितकाच. शस्त्रक्रिया करताना बोट कापल्याचे निमित्त झाले, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये खुद्द बेथ्यून यांचा मृत्यू झाला.

१९४० मधील १३ दिवसांच्या एका लढाईत कोटणीसांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. त्यात सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते संचालक झाले. चिनी भाषा शिकून ते त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

चीनमध्ये संसार, आणि मग आजार

रुग्णालयातील परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.

याच काळात त्यांना फिट्स येत होत्या. अपस्मारात मेंदूतील विद्युत संदेशांचा ताळ बिघडतो. अपुरी झोप आणि थकवा यामुळे झटके वाढू शकतात, आणि आघाडीवर या दोन्हींची कमतरता नव्हती. झटके रोखणारी औषधे जगात उपलब्ध होती. वेढलेल्या डोंगराळ भागात ती मिळणे कठीण होते. उपचारासाठी आघाडी सोडावी, हा सहकाऱ्यांचा आग्रह त्यांनी मानला नाही. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहिणे त्यांनी सुरूच ठेवले.

झटका पाच मिनिटांहून अधिक काळ थांबला नाही किंवा शुद्धीवर न येता झटके येत राहिले, तर जीव धोक्यात येतो. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांच्या अशाच मालिकेत कोटणीस गेले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

आजच्या काळात याचा अर्थ काय?

संकटात केवळ संकटाचाच आजार मारत नाही. नेहमीचे आजारही उपचाराअभावी जीवघेणे ठरतात. कोरोनाकाळात अपेंडिक्सच्या बाबतीत हे दिसले. संसर्गाच्या भीतीने अनेक देशांत रुग्ण उशिरा रुग्णालयात आले आणि अपेंडिक्स फुटण्यासारखी गुंतागुंत वाढली. काही ठिकाणी शस्त्रक्रियेऐवजी आधी अँटिबायोटिक देऊन पाहिले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात अशा १० रुग्णांपैकी सुमारे तिघांना ९० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावीच लागली, उरलेल्या सात जणांची तोवर टळली. हा पर्याय अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखालचा. बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारे दुखणे, ताप, उलट्या असतील तर घरी थांबू नये. तसेच फिट्सची गोळी साथ असो वा नसो, स्वतःहून बंद करू नये.

कोटणीसांची आठवण कुठे आहे?

चीनमध्ये ते ‘के दिहुआ’ नावाने ओळखले जातात. शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे, तिथेच बेथ्यून यांचीही आहे. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये वारला. पत्नी ग्वो चिंगलान यांचे निधन २०१२ मध्ये झाले. त्याच वर्षी सोलापुरात भैय्या चौकातील कोटणीसांचे घर स्मारक म्हणून खुले झाले. सिनेमा पाहिलेल्यांनी आणि न पाहिलेल्यांनीही तिथे एकदा जाऊन यावे.